फोटोवर नंतर बोलू, आधी निगेटिव्ह दाखवा

प्रश्न थोडक्यात असा होता. हर्णै-आंजर्ले-केळशी पट्ट्यातली सहा मित्रमंडळी महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी पडवीत जमतात. प्रत्येकाकडे घरातल्या कपाटातून नाहीतर जुन्या बाजारातून आलेला फिल्मचा कॅमेरा आहे. काढलेले फोटो एकमेकांना दाखवायचे, चहा घ्यायचा, गप्पा मारायच्या. एप्रिलमध्ये सगळे मिळून हर्णै बंदरात संध्याकाळच्या लिलावाला गेले आणि तिघांनी रोल संपवले. एकाचे फोटो फिके आणि गढूळ आले. दुसऱ्याने ब्लॅक अँड व्हाइट रोल घरीच धुतला, त्यात समुद्राचा फेस नुसता चुन्यासारखा पांढरा आणि आकाशात काळे ठिपके. तिसऱ्याच्या फोटोंत डावीकडून नारिंगी पट्टा घुसलेला. मग पडवीत वाद पेटला. कोण म्हणालं फिल्म जुनी, कोण म्हणालं लॅब भिकार, आणि एकाने सांगितलं की हाच तर फिल्मचा फील! शेवटी पत्र माझ्याकडे: "काका, चुकलं कुठे? आणि असल्या फोटोंवर आपसात बोलायचं तरी कसं?"

सोबत मोबाईलवर चौदा फोटो होते. त्यावर मी काहीच बोललो नाही, निगेटिव्ह तेवढ्या मागवल्या. त्या एसटीच्या पार्सलने रत्नागिरीला आल्या आणि दोन दिवस खिडकीशी बसून मी त्या पाहिल्या. तुम्हाला वाटलं असेल म्हातारा नखरे करतोय. पण तुम्ही ज्यावर भांडत होतात ते फोटो तुमच्या कॅमेऱ्याने काढलेले अर्धेच होते, उरलेले अर्धे लॅबच्या स्कॅनरने काढले होते.

ते यंत्र प्रत्येक फ्रेम आपल्या हिशेबाने सुधारून देतं. निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकट, असली की ओढूनताणून उजळ करतं, आणि त्या ओढाताणीत सावलीचा भाग राखाडी, दाणेदार होतो. रंगाचंही तेच. फ्रेमभर जांभ्याची भिंत असली की यंत्राला वाटतं लाल फार झालं, म्हणून ते उलट बाजूचा निळसर-हिरवट रंग ओततं. चिरा मग आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसतो. फ्रेमभर समुद्र असला की तिथल्या माणसांची कातडी तांबूस-पिवळी होते. माझ्या स्टुडिओच्या काळात मिनीलॅबवर बसलेला पोरगा हुशार असला तर चार बटणं दाबून हे सावरून घ्यायचा. म्हणून गिऱ्हाईकं लॅबचं नाव विचारत नसत, "आज यंत्रावर कोण आहे?" असं विचारत. आता बहुतेक ठिकाणी यंत्र एकटंच असतं. त्यातून तुम्ही तो स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता, म्हणजे फिल्मच्या दाण्याचं पिठलं होतं. एवढं सगळं झाल्यावर 'फिल्मचा फील' कुठे शोधणार?

निगेटिव्हला मात्र खोटं बोलता येत नाही. ती वाचायला शिकलात की तुमचे निम्मे वाद चहा यायच्या आत मिटतील.

वाचायची कशी? टेबलाखाली दिवा लावलेली काच हवीच असं नाही, मोबाईलवर कोरं पांढरं पान उघडून उजेड पूर्ण वाढवला तरी भागतं. फक्त निगेटिव्ह स्क्रीनवर टेकवू नका, बोटभर वर धरा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके दिसत राहतील. भिंगासाठी कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स काढून उलटी डोळ्याला लावा. साधारण पाचपट मोठं दिसतं आणि सोनाराच्या भिंगापेक्षा कडा स्वच्छ दिसतात.

आणि पहिली नजर चित्रावर नको, कडेवर हवी. भोकांच्या पट्टीत फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे असतात ना, ते कारखान्यातच ठरावीक उजेडाने छापलेले असतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, धुलाई मात्र त्यांचीही तीच होते. म्हणजे ते साक्षीदार आहेत. अक्षरं ठणठणीत काळी आणि चित्र पातळ, म्हणजे धुलाई बरोबर आहे, कॅमेऱ्यात उजेड कमी पडला. अक्षरंही पुसट असतील तर डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन) मेलेला होता किंवा वेळ कमी दिला. अक्षरं जाड, फुगलेली, शेजारी पसरल्यासारखी दिसली तर धुलाई जास्त झाली. अक्षरं आहेत पण एकही चित्र नाही, म्हणजे रोल पुढे सरकलाच नव्हता. लोड करताना पट्टी स्पूलमध्ये नीट अडकली नाही आणि तुम्ही छत्तीस वेळा हवेचे फोटो काढलेत. (माझ्या पहिल्या लग्नाच्या ऑर्डरीत हे झालं होतं. नवरीच्या वडिलांनी मला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून पहिल्या दोन फ्रेम काढताना रिवाइंडची चकती फिरते का, हे पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.) अक्षरंही नाहीत, चित्रंही नाहीत, पट्टी काचेसारखी स्वच्छ, तर डेव्हलपरआधी हायपो (चित्र पक्कं करणारं रसायन) ओतला गेला. आणि भोकांच्या पट्टीसकट सगळ्यावर करडा थर असेल तर रोल जुना किंवा गरमीत भाजलेला. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीत विसरलेले रोल असे निघतात.

आता तुमचे रोल.

पहिला कोडॅक गोल्ड २००, पेंटॅक्स के १००० मधला. अक्षरं उत्तम, फ्रेम पातळ. सावलीत, म्हणजे टोपलीमागच्या बायकांच्या चेहऱ्यांत, निगेटिव्ह जवळजवळ कोरी आहे. फिल्म चांगली, लॅब निर्दोष, कॅमेराही ठीक. उजेड मोजणाऱ्या मीटरच्या काट्यावर आंधळा विश्वास ठेवलात एवढंच. मीटरला समोर काय आहे ते कळत नाही, जे दिसेल ते मध्यम करडं आहे असं तो धरून चालतो. ओहोटीची ओली वाळू आरशासारखी चमकत असते, मागे फेस आणि वर उन्हाने पांढरं पडलेलं आकाश. हे सगळं तो करडं करायला बघतो आणि माणसं बिचारी अंधारात जातात. त्यात आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून उभा. दुपारनंतर माणसामागे समुद्र घेऊन फोटो काढायचा म्हणजे सूर्य समोर, हे कायमचंच. घाटावरून येणाऱ्याला हा कोकणी पेच माहीत नसतो, पण तुम्ही इथले आहात.

उपाय साधा आहे. माणूस ज्या उजेडात उभा आहे त्याच उजेडात आपला तळहात धरा, फ्रेमभर फक्त तळहात घेऊन मीटर बघा आणि त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड द्या. तळहात करड्यापेक्षा साधारण तेवढाच उजळ असतो. हिरवं गवत किंवा कोरड्या जांभ्याचा गडगा त्याच उजेडात असेल तर त्यावरचा आकडा मी तसाच घेतो. काटा बंद पडला असेल तर जुना हिशेब आहेच: स्वच्छ ऊन पाठीशी असताना अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६ आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं, म्हणजे २०० च्या फिल्मला १/२५०. मोकळ्या पांढऱ्या वाळूवर त्याहून थोडा बंद. मळभ आलं की एफ/८, दाट मळभ असेल तर एफ/५.६, आणि सूर्य समोर असून चेहरा हवा असेल तर निदान दोन स्टॉप उघडा. रंगीत निगेटिव्ह फिल्म दोन स्टॉप जास्त उजेड हसत पचवते, एक स्टॉप कमी पडला की कुरकुरते. म्हणून शंका आली की जास्तीकडे झुका. स्लाइड फिल्मला मात्र हा नियम उलटा आहे, तिथे जास्त झालं की गेलं.

तिसरा रोल आधी घेतो, तो सोपा आहे. मामांचा याशिका इलेक्ट्रो ३५. नारिंगी पट्टा फोटोत डावीकडे, आणि निगेटिव्हवर तो भोकांच्या पट्टीपर्यंत जातो. भोकांपर्यंत गेला म्हणजे उजेड लेन्समधून आलेला नाही, मागच्या झाकणातून आला. कॅमेऱ्यात चित्र उलटं पडतं, त्यामुळे फोटोतली डावी बाजू म्हणजे कॅमेऱ्यामागून पाहिलं तर उजवी, तिथे झाकणाची बिजागरी. रंग नारिंगी का? मागून शिरलेला उजेड फिल्मच्या तळातून जातो आणि त्याला सगळ्यात आधी लाल रंगाचा थर भेटतो. बिजागरीजवळच्या खाचेत काळा फोम असतो. पन्नास वर्षांत, तेही खाऱ्या हवेत, त्याचं डांबर होतं. आगपेटीची काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन खरवडून काढा. शटरवर तुकडे पडू देऊ नका. खाचेत लोकरीच्या दुकानातला काळा धागा बसवा, बिजागरीशी काळ्या मखमली फितीची पट्टी चिकटवा. मी असे अनेक कॅमेरे वर्षानुवर्षं चालवले आहेत. बॅटरीची काळजी आहेच. या कॅमेऱ्याची मूळ पाऱ्याची ५.६ व्होल्टची बॅटरी आता मिळत नाही, ६ व्होल्टची अ‍ॅडॉप्टर घालून लावतात आणि ती चालते. बॅटरी अजिबात नसेल तर तो सगळे फोटो १/५०० ने काढतो. भर उन्हात एफ/११ ठेवून तेही खपून जातं.

दुसऱ्या रोलवर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण घरी धुणाऱ्याबद्दल मला माया आहे, आणि त्याची चूक ही कोकणाची खास चूक आहे.

इलफर्ड एचपी५ फिल्म, डी-७६ नावाचा डेव्हलपर पाणी न मिसळता, साडेसात मिनिटं. पुस्तकात हेच आहे. पण पुस्तकात त्यापुढे २० अंश सेल्सियस लिहिलंय. ते पुस्तक थंड देशातल्या माणसाने थंड देशातल्या नळासाठी लिहिलं. एप्रिलमध्ये आपल्या छपरावरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं, सावलीतल्या हंड्यातलंसुद्धा २८-३० अंश असतं. त्या पाण्यात साडेसात मिनिटं म्हणजे भात करपेपर्यंत शिजवणं. कडेची अक्षरं पाहा, जाडजूड आणि भोवती काजळी. फेस, पांढरे सदरे, होड्यांचा रंगवलेला कठडा, सगळं निगेटिव्हवर काळंकुट्ट. त्यातून उजेड जातच नाही, मग फोटोत चुना दिसणार नाहीतर काय?

२० अंशांवर आणायची धडपड करू नका, मे महिन्यात ते झेपत नाही. २४ अंश धरा. वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. पण साडेसातातून तीस टक्के गेले की सव्वापाच मिनिटं उरतात, आणि एवढ्या कमी वेळात ओतण्या-उपसण्याच्या दहा सेकंदांनीही डाग पडतात. म्हणून डी-७६ मध्ये तेवढंच पाणी मिसळा. त्याला २० अंशांवर ११ ते १३ मिनिटं लागतात, २४ वर आठ-नऊच्या आसपास, हाताशी भरपूर वेळ. असं मिसळलेलं द्रावण एकदाच वापरून फेकायचं.

थंड कसं करायचं? अहो, तुम्ही बंदराच्या गावात राहता, बर्फाला काय तोटा! बालदीत बर्फ आणि पाणी, त्यात डेव्हलपर, स्टॉप (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) आणि हायपो या तिन्ही बाटल्या गळ्यापर्यंत उभ्या करायच्या, थर्मामीटर डेव्हलपरमध्ये. बर्फ बाटलीत टाकायचा नाही, असं करणारा मला भेटलाय म्हणून सांगतो. तिन्ही बाटल्यांचं आणि धुण्याच्या पाण्याचं तापमान सारखं हवं. डेव्हलपर २४ ला आणि मग नळाचं ३३ अंशांचं पाणी असा झटका दिला की फिल्मवरचं जिलेटिन फुगतं आणि दाणा उठतो. जुन्या फिल्मवर तर भेगाळलेल्या शेतासारखी जाळी पडायची. इंदू फिल्मवर मी ती पाहिली आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ती फिल्म. आपल्या देशाची स्वतःची फिल्म होती हे आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माझं पहिलं शिक्षण तिच्यावर आणि बडोद्यात बनलेल्या आग्फा क्लिक थ्रीवर झालं, १२० च्या एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. बारा! त्यामुळे बोट दाबण्याआधी माणूस विचार करायचा.

गंमत अशी की रंगीत धुलाईला आपली हवा सोयीची आहे. तिचा डेव्हलपर ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं. थंडीच्या देशात तो गरम ठेवताना नाकी नऊ येतात, आपलं पाणी आधीच निम्म्या वाटेवर असतं. हात बसला की करून बघा.

आता आकाशातले काळे ठिपके. इथे एक खूणगाठ बांधा, आयुष्यभर उपयोगी पडेल. फोटोत ठिपका पांढरा असेल तर कचरा धुलाईनंतर बसला, स्कॅन करताना किंवा छापताना. निगेटिव्ह पुसा, हवा मारा, पुन्हा स्कॅन करा. ठिपका काळा असेल तर तिथे निगेटिव्हवर चांदी तयारच झाली नाही, म्हणजे फोटो काढताना फिल्मवर कचरा होता किंवा धुताना तिथे डेव्हलपर पोहोचला नाही. तुमचे ठिपके गोल आणि कडा स्वच्छ आहेत. म्हणजे हवेचे बुडबुडे. डेव्हलपर ओतल्याबरोबर धुलाईची टाकी ओट्यावर दोन-तीनदा ठक्कन आपटायची, बुडबुडे सुटतात. एवढं केलं असतं तर आकाश स्वच्छ असतं. आणि निगेटिव्हवर तिरपं धरल्यावर जे थेंबांचे वाळलेले डाग दिसतात ते विहिरीच्या पाण्याचे. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्याजवळच्या विहिरी मचूळ होतात. शेवटचं बुचकळणं बॅटरीच्या पाण्यात करा, वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब घालून. पाण्याचा दुष्काळ असेल तर नळ अर्धा तास सोडायची गरज नाही. हायपोनंतर टाकीत पाणी भरून पाच वेळा उलटसुलट करा, ओता. नवं पाणी, दहा वेळा, ओता. नवं पाणी, वीस वेळा. झालं. ही रीत इलफर्डनेच सांगितलेली आहे, आणि टँकरची वाट बघणाऱ्या गावासाठीच जणू काढलेली.

आता मे संपत आलाय, म्हणून न विचारलेलं एक सांगतो. घरात आगोटीची तयारी चालली असेल, डाळी, मीठ, मसाले, सुकी मासळी डब्यांत भरणं. तीच बुद्धी कॅमेऱ्याला लावा. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झापांनी शाकारतात आणि कॅमेरे मात्र चामड्याच्या केसमध्ये लोखंडी कपाटात. चामडं ओल धरून ठेवतं. लेन्सला बुरशी लावायची असेल तर यापेक्षा चांगली सोय नाही. केसमधून बाहेर काढा. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलसकट, आणि जमलं तर आत हवेतली ओल मोजणारा छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की निश्चिंत, ६०-७० च्या वर बुरशी जागी होते. आपल्या जुलैत बाहेर तो ९० च्या आसपासच असतो. रंग बदलणारं जेल घ्या, बदललं की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. तांदूळ नको, त्याचा कोंडा लेन्सच्या आट्यांत शिरतो. स्टुडिओत आम्ही लाकडी कपाटात झिरोचा बल्ब चार महिने अहोरात्र पेटता ठेवायचो. कपाट जरा उबदार राहिलं की आतली हवा तेवढी ओली राहत नाही. आजचे एलईडी तापत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही.

फ्रिजमधले रोल डबीसकट बाहेर काढून दोन तास तसेच राहू द्या, मगच डबी उघडा. नाहीतर फिल्मवर दव धरतं. एसीच्या खोलीतून कॅमेरा घेऊन थेट समुद्रावर गेलात तरी तेच. आणि काढलेला रोल पावसाळाभर कॅमेऱ्यात ठेवू नका. 'गणपतीत उरलेल्या आठ फ्रेम काढू' म्हणून ठेवलेले रोल फिके होऊन निघालेत माझ्याकडे. ओल आणि उष्णता न धुतलेलं चित्र खातात. आठ फ्रेम कुत्र्या-मांजरांवर खर्च करा, पण रोल धुवा.

सिनेमाची फिल्म डब्यांत भरून विकतात, ती तुमच्यातल्या एकाने घेतली आहे असं लिहिलंत. स्वस्त आहे आणि चांगलीही आहे. पण तिच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असेल तर ती नेहमीच्या रंगीत धुलाईच्या यंत्रात द्यायची नाही. तो थर सुटून यंत्रातलं रसायन नासवतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्यांच्या रोलवर बसतो. देताना तोंडाने सांगा, लपवू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न, बोलायचं कसं. मला सांगा, पडवीत तुम्ही काय दाखवता? छत्तिसातले निवडलेले तीन. म्हणजे लग्नाचा अल्बम. समोरचा कुणीही 'वा' खेरीज काय म्हणणार? पुढच्या वेळी आख्खा रोल आणा. घरी छापता येत असेल तर सहा-सहा फ्रेमच्या सहा पट्ट्या आठ बाय दहाच्या कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट शीट काढा, नाहीतर सगळ्या पट्ट्या एकत्र ठेवून एकच फोटो घ्या. शीटवर माणसाचं चालणं दिसतं. तो टोपलीपाशी गेला, एक फोटो काढला, थांबला, वाकला, दुसरा काढला, आणि नेमकं बाई हसली तेव्हा दुसरीकडे वळला. हे त्याला स्वतःला कधीच कळत नाही, शेजारच्याला लगेच दिसतं. बोलण्यासारखं असेल तर हेच.

आणि वही. फ्रेमचा आकडा, शटर, अ‍ॅपर्चर, सूर्य कुठे होता, मीटर कशावर धरला. सगळ्या फ्रेमचं नको, दहांचं पुरे. वही नसेल तर तुमची चर्चा म्हणजे रोग्याला न बघता औषधावर भांडणारे वैद्य. कॅमेऱ्यांच्या किमतीवर आणि कुठली फिल्म भारी यावर जेवढा वेळ घालवता त्याच्या अर्ध्या वेळात ती भरून होते. रागावू नका, पत्राची दोन पानं त्यावरच होती.

एक काम देतो. पावसाआधी सकाळी लवकर कड्यावरच्या गणपतीला जा. पांढरं देऊळ, गर्द झाडी आणि खाली दूर सुवर्णदुर्ग. पांढरं आणि काळपट एकाच फ्रेममध्ये, मीटरला फसायला याहून उत्तम जागा नाही. सहाही जणांनी एकाच जागी उभं राहून तीच फ्रेम तीनदा काढा: एकदा मीटर देवळावर, एकदा झाडीवर, एकदा तळहातावर. मग अठरा निगेटिव्ह शेजारी-शेजारी लावून बघा. ब्लॅक अँड व्हाइटवाल्याने एक पिवळा फिल्टर न्यावा आणि एक स्टॉप उघडावा, आकाश गडद उतरतं. लाल फिल्टर तीन स्टॉप खातो. त्याने आकाश काळं होतं, जांभा उजळतो, पण झाडी पार कोळसा होते, ते पावसाळ्यात तर बघवत नाही. कातळशिल्पांसाठी मात्र मी लालच लावतो. इथे उक्षीच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या पठारावरचा, कोरलेला हत्ती मी पहिल्यांदा भर दुपारी टिपला आणि धुतल्यावर हत्तीच सापडेना. ते कोरीवकाम उथळ आहे, डोक्यावरच्या उन्हात रेषेला सावलीच नसते. दुसऱ्या खेपेला उजाडता-उजाडता गेलो. ऊन सड्यावरून सरपटत आलं आणि हत्ती उठून उभा राहिला, तेवढीच पंधरा-वीस मिनिटं.

इलेक्ट्रोच्या लेन्समध्ये बुरशीचं जाळं आहे, ते साफ करून घ्यावं का, असंही विचारलंत. टॉर्च मारून बघितल्यावर दिसणाऱ्या बुरशीने फोटोत ठिपके येत नाहीत. उजेड समोरून आला की फोटो जरा दुधाळ होतो, एवढंच. नारिंगी पट्ट्याशी तिचा संबंध नाही. एक-दोन कोळिष्टकं असतील तर उन्हाकडे पाठ करून वापरत राहा, जेलच्या डब्यात ठेवलंत की वाढणार नाही. जाळं मधोमध आणि दाट असेल तर पावसाआधी उघडून घ्या. फार दिवस राहिली की ती काचेवरचा लेप खाते आणि मग पुसूनही व्रण उरतो. आणि मामांच्या ट्रंकेत जुन्या निगेटिव्ह असतील तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा तळच कुजायला लागलाय. त्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि लगेच स्कॅन करून घ्या, आपल्या दमट हवेत त्या पुढच्या मामांसाठी थांबणार नाहीत. झुरळांना आणि कसरीलाही जिलेटिन आवडतं, तेव्हा कागदी पाकिटावर भरवसा नको.

तुमच्या निगेटिव्ह सोमवारच्या दापोली गाडीने परत पाठवतो आहे. एचपी५ ची बावीस नंबरची फ्रेम, ती सुरमईची शेपटी धरून भाव सांगणारी बाई, मला आवडली. मऊ ग्रेडच्या कागदावर छापून सोबत ठेवली आहे. फेसाच्या भागाला वेगळा जादा उजेड द्यावा लागला, किती सेकंद ते मागे पेन्सिलीने लिहिलंय. स्टँडवर कुणीतरी वेळेत जा. वळवाचे दिवस आहेत, पाकीट ओलं वाटलं तर लगेच फाडू नका, रात्रभर पंख्याखाली ठेवा आणि सकाळी उघडा.